व्हीलचेअर घेऊन कोल्हापुरात राहायला येतेय, फोनवर कशाचा भरवसा धरू?

कृष्णाकाठ:

नमस्कार. पुढच्या महिन्यात सांगली सोडून कोल्हापूरला राहायला येतेय. शाहूपुरीत एका सीएंच्या ऑफिसात काम मिळालंय. कमरेखाली ताकद नाही, हातानं ढकलायची घडीची व्हीलचेअर वापरते. खुर्चीतून रिक्षाच्या सीटवर किंवा पलंगावर माझी मी सरकते. एक पायरी असली आणि मागनं कुणी धरलं तर चढते. दोन असल्या की माणसं गोळा करावी लागतात, आणि माणसं मिळाली तरी ती नेमकी चाकाला धरून उचलतात.

कॉलेज पुण्यात झालं. २०२२ मध्ये तिथं मेट्रो सुरू झाली आणि घरात बसून फोनवर सगळं ठरवून बाहेर पडायची सवय लागली. लिफ्ट कुठल्या बाजूला, उतरल्यावर रस्ता कुठून ओलांडायचा, सगळं आधी बघून ठेवायचं. मुलाखतीला भावाबरोबर कोल्हापूरला आले तेव्हा तसंच करायला गेले. जेवायला नकाशावर एक हॉटेल निवडलं, माहितीत व्हीलचेअरसाठी प्रवेशद्वार आहे अशी बरोबरची खूण होती. गेलो तर दारात तीन पायऱ्या आणि वर आत ढकलायचं काचेचं दार. मालक भला माणूस. म्हणाला, ‘उचलून घेतो की ताई, त्यात काय एवढं!’ मला उचलून घ्यायचं नव्हतं, पांढरा रस्सा प्यायचा होता.

तर आता विचारते. इथं व्हीलचेअरवर फिरणारं कुणी असेल तर सांगा, फोनमध्ये काय ठेवलं तर खरंच उपयोग होतो? राजारामपुरीत एक खोली बघितलीय, तळमजला आहे. नकाशा तिथून शाहूपुरीला परीख पुलाखालून नेतोय, तो रस्ता कसा आहे? रोज बस जमेल की रिक्षाच? आणि बाहेर असताना टॉयलेटचं काय करता? ‘हिंमत ठेवा’, ‘तुमच्या जिद्दीला सलाम’ अशी उत्तरं कृपया नकोत. ती घरी भरपूर मिळतात.

गंगावेस_आप्पा:

या ताई, कोल्हापूर चांगलं आहे, फूटपाथ सोडून. मला दोन्ही पाय धडधाकट आहेत तरी महाद्वार रोडला मी रस्त्यातनंच चालतो. फूटपाथवर दुकानाचा माल, त्याच्या पुढं गाड्या, त्याच्या पुढं फेरीवाले. ॲप काय करणार त्याला? संध्याकाळी तिकडं जाऊच नका. सकाळी १० च्या आत गेलात तर रस्ता दिसतो तरी.

मोबाईल_मिस्त्री:

ताई, मी मंगळवार पेठेतला. मिरजकर तिकटीपासनं जवळ मोबाईल रिपेअरीचं छोटं दुकान आहे. झाडावरनं पडून मणका गेला त्याला लई वर्षं झाली, तेव्हापासनं खुर्चीवर. आधी सायकली दुरुस्त करायचो, मग बसून होणारं काम म्हणून मोबाईलचं शिकलो. तेव्हा दोन्हीकडनं सांगतो, खुर्चीच्या बाजूनं पण आणि फोनच्या बाजूनं पण.

पहिली गोष्ट. रस्ता शोधायला फोन लागतो हे पुण्या-मुंबईचं. कोल्हापूर केवढं गाव हो! आठवडाभरात रस्ते तोंडपाठ होतात. आपल्याला फोन लागतो तो शेवटच्या दहा फुटांसाठी. रिक्षातनं उतरल्यापासनं त्या दुकानाच्या, बँकेच्या, दवाखान्याच्या आत जाईपर्यंत. नकाशात ते दहा फूट नसतात. तुमच्या हॉटेलाचं तेच झालं. ती बरोबरची खूण मालकानं भरलेली असते नाहीतर कुणीतरी येऊन गेलेल्यानं. चालत्या माणसाला तीन पायऱ्या दिसतच नाहीत. खोटं बोलत नाही तो, त्याच्या लेखी त्या नसतातच.

म्हणून मी काय करतो, आधी फोन करतो. पण ‘व्हीलचेअर येते का?’ असं कधीच विचारत नाही. त्याला सगळे ‘येते की’ म्हणतात. मी विचारतो, ‘दारात पायऱ्या किती?’ मग म्हणतो, ‘व्हॉट्सॲपवर दाराचा एक फोटो टाका की. दार उघडं ठेवा, खालची फरशी दिसू दे, आणि पायरीला लागून लिटरची पाण्याची बाटली उभी करा.’ बाटली सगळ्यांकडं असते. निम्म्या बाटलीपर्यंत पायरी आली तर अर्धा फूट धरायची. बाटलीच्या बुडाशीच संपली तर मागची चाकं टेकवून पुढची उचलून जातो मी. लोक हसतात, पण फोटो टाकतात. आजवर कुणी नाही म्हणालेलं आठवत नाही. आणि आलेला फोटो डिलीट करायचा नाही. माझ्या फोनात ‘दारं’ नावाचा एक अल्बमच झालाय. दवाखाने, मंगल कार्यालयं, एटीएम, चष्म्याचं दुकान, सगळं त्यात. एटीएमचा फोटो मागताना मशीनची उंची पण बघून घ्या, काहींचा स्क्रीन आपल्या डोक्यावर असतो आणि वरच्या लाईटनं काही दिसत नाही.

रुंदी विसरू नका. आपली खुर्ची बाहेरनं बाहेर पंचवीस-सव्वीस इंच भरते, चाकाच्या रिंगा धरून. दाराची दोन पानं असली आणि एकाला वरखाली कडी असली तर लोक एकच पान उघडतात. दुसरं उघडतं का ते आधी विचारायचं. बाथरूमची दारं तर आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी दोन-सव्वादोन फुटाची. तुमच्या टॉयलेटच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच अडकतं. बाहेर ‘दिव्यांग’ अशी पाटी असते, आत बादल्या आणि फिनेलचे कॅन. मी ज्या जागांवर भरवसा ठेवतो त्या म्हणजे नव्या बांधणीची मोठी हॉस्पिटलं आणि हायवेकडची मोठी हॉटेलं. तिथंही आधी फोन. तुमच्या ऑफिसचं टॉयलेट बघितलंत का? नसंल तर पगाराच्या आधी त्याचं बोलून घ्या.

आता रॅम्प. हे मिस्त्रीकीचं आहे म्हणून जरा लांबण लावतो. रॅम्प दिसला की हुरळून जायचं नाही, चढ मोजायचा. फोनमध्ये लेव्हल बघायचं ॲप असतं, आयफोनात मेझर ॲपमध्येच आहे, अँड्रॉइडला फुकटचं टाकून घ्या. सरकारी नियम एकास बारा, म्हणजे एक फूट वर जायला बारा फूट लांब. अंशात धरलं तर ४.८ च्या आसपास. अर्ध्या फुटाची एक पायरी असली तरी सहा फुटाचा रॅम्प पाहिजे, दोन असल्या तर बारा फूट. दुकानदार काय करतात, दोन पायऱ्यांवर चार फुटाची लोखंडी फळी टाकतात. चौदा-पंधरा अंश होतो तो. चढताना खुर्ची मागं उलटणार. मी सहा अंशांपर्यंत एकटा जातो, त्याच्या वर कुणीतरी मागं पाहिजे, आणि दहाच्या वर असला तर मी बाहेरनंच हाक मारतो. तुमच्या हाताची ताकद बघून तुमचा आकडा ठरवा.

मोजताना फोन पाठीवर ठेवू नका. कॅमेऱ्याचा उंचवटा असतो, एक-दोन अंशांचा फरक तिथंच पडतो. फोन आडव्या कडेवर उभा धरून रॅम्पवर टेकवा, मग उलटा फिरवून परत बघा. दोन्हीकडनं सारखंच आलं तर खरं.

रस्त्यावर चालताना नकाशा लावायचाच असला तर चालायचा मोड लावू नका. त्याला पाय आहेत असं धरून तो जिन्यावरनं, बोळातनं, कुठनंही घालतो. मी टू-व्हीलरचा मोड लावतो, निदान चाकाचा रस्ता तरी देतो. एकेरी वाहतुकीचा वळसा दाखवतो तेवढा आपण डोक्यानं कापायचा. आणि फोनला आपण रस्त्याच्या कुठल्या कडेला आहोत ते कळत नाही बरं का. मोकळ्या आकाशाखाली जीपीएस साधारण ५ मीटर इकडं तिकडं असतंय, पेठेतल्या बोळात त्याच्याहून जास्त. आपल्याला तर रॅम्प या कडेला का त्या कडेला, दुभाजक कुठं फुटतोय, एवढंच पाहिजे असतं. त्याला डोळेच लागतात.

दोन्ही हात रिंगांवर असतात, म्हणून एका कानात इअरफोन लावून मराठीत सूचना ऐकायच्या. एकाच कानात. दुसरा कान पाठीमागनं येणाऱ्या बुलेटसाठी मोकळा ठेवायचा. शोधायचं पण बोलून, गूगलला मराठी बोललेलं कळतंय. हातमोजे घालत असाल तर स्क्रीन चालत नाही, आणि पावसाचं पाणी स्क्रीनवर पडलं की नसलेलं बोट उमटतं, हे आमच्या धंद्यातलं रोजचं.

बस. शहरात चालणाऱ्या बसची फळी, म्हणजे आतली जमीन, रस्त्यापासनं किती उंच ते बघा. केंद्राच्या नियमात तीन माप आहेत, ४०० मिलिमीटर, ६५० आणि ९००. चारशेवाली असली आणि तिला रॅम्प असला तरच आपण बसमध्ये खुर्चीसकट जाणार. नऊशे म्हणजे माझ्या खांद्याला लागते. पीएम ई-बस सेवा या केंद्राच्या विजेवरच्या बसच्या योजनेत कोल्हापूरचं नाव आहे, गाड्या रस्त्यावर आल्या की मी स्वतः माप घेऊन टाकीन इथं. तोवर रिक्षाच.

रिक्षावाला एक पकडायचा नाही, चार-पाच पकडायचे. फोनात नावापुढं लिहून ठेवायचं, कुणाला घडी घालता येते, कुणाची मागची जागा मोठी, कोण रात्री येतो. पहिल्या दिवशी वेळ काढून शिकवायचं, उशी आधी काढायची, मग सीटचं कापड मधोमध वर ओढायचं, पायाच्या पाट्या वर. तुमच्या खुर्चीची मागची चाकं बटण दाबून निघत असतील तर सोन्याहून पिवळं, चाकं पायाशी आणि सांगाडा मागं. निघालात की व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन रिक्षावाल्याला टाका. ‘कुठं उभारलाय, इकडं का तिकडं’ हे फोनवर ओरडणं वाचतं, आणि तो नेमका तुमच्या कडेला आणून लावतो.

उचगावला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्डचं वसतिगृह आहे, नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली संस्था. तिथं एकदा जाऊन या. कोल्हापुरातली कुठली इमारत खुर्चीला बरी हे तिथल्या पोरांना कुठल्याबी ॲपपेक्षा जास्त माहीत असतंय.

आता परीख पूल. त्याचं संध्याकाळी लिहितो, दुकानात गिऱ्हाईक आलंय.

नकाशावाली:

मिस्त्रीदादा, बाटलीची युक्ती मी चोरली म्हणून समजा. मी विद्यापीठात भूगोलाला आहे आणि मोकळ्या वेळात ओपनस्ट्रीटमॅपवर काम करते. हा कुणीही भरू शकेल असा जगाचा मोफत नकाशा, २००४ मध्ये सुरू झाला. त्याच्याच पायावर बर्लिनमधल्या मंडळींनी २०१० मध्ये व्हीलमॅप काढलं. त्यात प्रत्येक जागेला रंग असतो. हिरवा म्हणजे आत सगळीकडे बिनपायरीचं, पिवळा म्हणजे दारात फार तर ७ सेंटिमीटरची एक पायरी आणि आतल्या मुख्य खोल्या सपाट, लाल म्हणजे जमणार नाही, आणि करडा म्हणजे कुणी भरलेलंच नाही. कोल्हापूर उघडून बघा, करडंच करडं दिसेल. नकाशा चुकीचा नाही, रिकामा आहे.

भरायला सोपं आहे. अँड्रॉइडवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं ॲप आहे, ते जवळ गेल्यावर स्वतःच प्रश्न विचारतं, ‘इथे व्हीलचेअर जाते का?’ आपण हो, अर्धवट किंवा नाही असं दाबायचं. रस्त्याचा पृष्ठभाग डांबरी आहे, फरशीचा आहे की खडीचा, कडेचा दगड उतरता आहे की उंच, हेही भरता येतं. मिस्त्रीदादांच्या ‘दारं’ अल्बममधून त्यांची परवानगी असेल तर मी एका बैठकीत बरंच भरू शकेन. फोटो नकोत, फक्त पायऱ्यांची संख्या आणि जागेचं नाव पुरे.

कृष्णाकाठ, पुण्या-मुंबईत गूगल बसचे क्रमांक आणि वेळा दाखवतं ते कसं, तर वाहतूक चालवणाऱ्यांनी त्यांचं वेळापत्रक जीटीएफएस नावाच्या ठरलेल्या साच्यात दिलेलं असतं. त्या साच्यात प्रत्येक थांब्याला व्हीलचेअरचा एक रकाना असतो, ० म्हणजे माहिती नाही, १ म्हणजे चढता येतं, २ म्हणजे येत नाही. गाडीच्या फेरीलाही तसाच वेगळा रकाना आहे. गूगलनं २०१८ मध्ये व्हीलचेअरचे मार्ग दाखवायला सुरुवात केली ती लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, मेक्सिको सिटी, बोस्टन आणि सिडनी या सहा शहरांत. तिथे हे रकाने भरलेले होते म्हणून. ॲप सगळ्यांना तेच मिळतं, रकाने ज्याचे त्याला भरावे लागतात. थांबा बरा आणि गाडी उंच असं असलं तर दोन्ही रकाने हवेत, नाहीतर थांब्यावर पोचून गाडीकडे बघत बसायचं.

मोबाईल_मिस्त्री:

पोरी, अल्बम घे, पण दुकानदाराचं नाव लाल रंगात टाकायच्या आधी त्याला एकदा सांगू. बऱ्याच जणांना फळी टाकायची असते, कुणी विचारलेलंच नसतं.

ताई, परीख पूल. रेल्वे रुळाखालचा बोगदा आहे तो, स्टँडकडनं राजारामपुरीकडं जाणारा. चालणाऱ्याला आणि दुचाकीला जवळचा, म्हणून नकाशा तिकडनंच नेणार. खुर्ची त्यात घालू नका. उतार, मग चढ, आणि अंगाला घासून जाणाऱ्या गाड्या. पाऊस आला की खाली पाणी साचतं हे अख्ख्या गावाला माहीत आहे, पेपरात दरवर्षी फोटो येतोच. रिक्षानं वळसा घालून जाता येतं, पण रोज दोन वेळा तो वळसा कशाला विकत घेता? माझं ऐकाल तर ऑफिस रुळांच्या ज्या बाजूला आहे, खोली पण त्याच बाजूला बघा. ऑफिसला खुर्ची स्वतः ढकलत जाता येण्यासारखं अंतर असलं की पाऊस, रिक्षाचा संप, सगळं सोपं जातंय. भाडं जरा जास्त पडंल, पण रिक्षाचे वाचतील.

कृष्णाकाठ:

मिस्त्रीदादा, हे लक्षातच आलं नव्हतं. मी फक्त तळमजला आणि बाथरूमचं दार एवढंच बघत होते. शाहूपुरीत एक तळमजल्याची खोली आहे असं एजंट म्हणतोय, कुंभार गल्लीच्या बाजूला. बघायला जाऊ का?

नकाशावाली, माझ्या ऑफिसच्या इमारतीपासून सुरुवात करू. दारात अर्धी पायरी आहे, लिफ्टचं दार मी मुलाखतीच्या दिवशी टेपनं मोजलंय, ३१ इंच. लिफ्टच्या आतला आरसा समोर आहे हे मात्र फार बरं, मागं बघत बाहेर येता येतं. असं काही भरायला रकाना आहे का?

नकाशावाली:

दाराच्या रुंदीला आहे. आरशाला नाही, पण वर्णनाच्या जागेत लिहू.

गंगावेस_आप्पा:

कुंभार गल्लीत तळमजला? ताई, सांगलीच्या आहात आणि मी काय सांगू? २०१९ आणि २०२१ चे पूर आठवा. जयंती नाल्याचं पाणी मागं फुगतं आणि शाहूपुरीच्या त्या बाजूला आधी शिरतं. चालणारी माणसं गादी डोक्यावर घेऊन माडीवर जातात.

मोबाईल_मिस्त्री:

आप्पा बरोबर बोलायलेत. आपल्या लोकांची हीच गोची आहे, खुर्चीसाठी तळमजला पाहिजे आणि पुरासाठी नको. पहिला मजला, लिफ्ट, आणि लिफ्टला जनरेटर असं बघा. एजंटला विचारताना ‘जनरेटर आहे का’ विचारू नका, ‘लिफ्ट जनरेटरवर चालते का’ असं विचारा. काही इमारतीत जनरेटर फक्त जिन्याचे दिवे आणि पाण्याची मोटर ओढतो. आणि पहिला मजलाच, पाचवा नको. लिफ्ट बंद पडली तर दोन माणसं एका मजल्यावरनं खाली आणू शकतात.

पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज व्हॉट्सॲपवर फिरते. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. चालणारी माणसं ४३ ची वाट बघतात. तुम्ही ३९ ला बॅग भरायची आणि उंचावरच्या कुणाकडं तरी जाऊन राहायचं. पाणी रस्त्यावर आल्यावर खुर्ची ढकलता येत नाही, खड्डा दिसत नाही, आणि बोटीतल्या माणसानं आधी खुर्ची घ्यायची का तुम्हाला, हा वाद तिथं नको. बोटीत खुर्ची मागं राहिली तर पुढं काय करणार? पुराच्या दिवसांत माझ्या खुर्चीला नाव आणि फोन नंबर प्लास्टिकमध्ये बांधलेला असतो.

डबा_एस_चार:

सांगली-कोल्हापूर रेल्वेनं येणार असाल तर थोडं सांगतो, बाबांना घेऊन मिरज-कोल्हापूर बऱ्याचदा केलंय. कोल्हापूर शेवटचं स्टेशन, गाडी उभीच असते, चढायला-उतरायला घाई नाही. खरी घाई मधल्या स्टेशनांवर. तिथं ‘व्हेअर इज माय ट्रेन’ ॲपमध्ये डब्यांचा क्रम बघून आपला डबा जिथं येणार तिथं आधीच जाऊन थांबायचं. हे ॲप इंटरनेट नसलं तरी मोबाईल टॉवरवरून गाडी कुठं आहे ते सांगतं, म्हणून मधल्या पट्ट्यातही चालतं.

उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असतो, डब्याची फळी त्याच्याहून बरीच वर. म्हणजे फलाटावर खुर्ची गेली तरी डब्यात उचलूनच. हलता रॅम्प मागायचा असेल तर गाडी यायच्या वेळी सांगून काही होत नाही, आधी स्टेशन मास्तरांना गाठायचं. १३९ वर फोनही करता येतो. दिव्यांग डबा बहुतेक गाड्यांना गार्डच्या बाजूला असतो, त्याचं दार रुंद असतं. रेल्वेचं सवलतीचं कार्ड काढलं नसेल तर काढा, ऑनलाइन अर्ज होतो, आणि सोबतच्यालाही सवलत मिळते.

बावड्याचा_वकील:

सगळं वाचलं, छान आहे, पण सगळ्या युक्त्या खुर्चीवरच्या माणसानंच का करायच्या? २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे फक्त सरकारी नव्हे, लोक जिथं येतात ती खासगी इमारतही आली. म्हणजे ताईंचं ते हॉटेलसुद्धा. राजीव रतुडी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ८ नोव्हेंबर २०२४ ला स्पष्ट सांगितलंय की सुगम्यतेचे, म्हणजे दिव्यांगांना सहज ये-जा करता येण्याचे, किमान नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत.

फोनचा उपयोग पुराव्यासाठी करा. केंद्राचं सुगम्य भारत ॲप मार्च २०२१ पासून आहे, त्यात जागेचा फोटो आणि ठिकाण टाकून तक्रार जाते. फोटो काढताना फोनचं लोकेशन चालू ठेवा, पायरीसकट इमारतीचं नाव एका चौकटीत आलं पाहिजे. मिस्त्रींची बाटली कोर्टातही चालेल.

मोबाईल_मिस्त्री:

वकीलसाहेब, तक्रार करा, मी अडवत नाही. कलेक्टर कचेरी, बँका, थेटर, यांच्या बाबतीत तक्रारच पाहिजे. पण गल्लीतल्या दुकानदाराला मी आधी सुतार नाहीतर फॅब्रिकेशनवाला गाठून देतो. खासबागेजवळच्या एका चहावाल्याला सांगितलं, ‘तुझ्या एका पायरीला सहा फुटाची घडीची फळी कर, बाकीच्या वेळी भिंतीला उभी कर.’ केली त्यानं. आता गॅसच्या टाक्या तिच्यावरनंच आत नेतो. आता तक्रार केली असती तर फळी झाली असती का नाही माहीत नाही, चहा मात्र गेला असता.

बावड्याचा_वकील:

आणि ज्यांना फॅब्रिकेशनवाला गाठता येत नाही, बोलता येत नाही, त्यांनी काय करायचं? सगळेच तुमच्यासारखे पेठेतले नसतात.

मोबाईल_मिस्त्री:

तेही खरं. ताई तर नवीनच येताहेत. मग असं करा, ताईंनी फोटो काढायचे, तुम्ही अर्ज लिहायचे, आणि ज्यांचं चहावर भागतंय त्यांच्याकडं मी जातो.

कृष्णाकाठ:

माझी परस्पर वाटणी करून टाकली बघा. चालेल. एजंटला पहिला मजला, लिफ्ट जनरेटरवर, रुळांच्या याच बाजूला असं सांगितलंय. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही बिल्डर आहात का?’

ऑफिसला फोन करून टॉयलेटचं विचारलं. दार २६ इंच, माझी खुर्ची साडेपंचवीस. सर म्हणाले चौकट बदलून देतो, सुताराचं बोलणं झालंय.

एक शेवटचं विचारते मिस्त्रीदादा. फोन मांडीवर ठेवला की घसरतो, घसरलेला उचलताना एकदा पुढं तोंडावर जाणार होते. सायकलचा होल्डर खुर्चीला लावला तर चालतो का? भाऊ म्हणतो कॅमेरा खराब होतो.

मोबाईल_मिस्त्री:

भाऊ अर्धा बरोबर. २०२१ मध्ये ॲपलनंच सांगितलं होतं, मोटरसायकलच्या मोठ्या इंजिनाच्या थरथरीनं कॅमेऱ्याची भिंग स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. माझ्याकडं असे फोन येतात, फोटो काढताना चित्र जेलीसारखं हलत असतं. हातानं ढकलायच्या खुर्चीला इंजिन नाही, डांबरी रस्त्यावर काही होत नाही. फरशीच्या रस्त्यावर रोज जाणार असाल किंवा पुढं मोटरचं जोडयंत्र लावणार असाल तर थरथर झेलणारं रबर असलेला होल्डर घ्या. जोडयंत्र लावलंत तर फोन त्याच्या हँडलला लावू नका, खुर्चीच्या पाइपलाच ठेवा.

हाताच्या टेकूला लावू नका, रिक्षात चढताना टेकू काढावा लागतो. सीटखालच्या पुढच्या उभ्या पाइपला, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूनं, सरकताना मांडी घासणार नाही असा. सायकलच्या होल्डरची पकड बऱ्याचदा जाड हँडलसाठी असते, खुर्चीचा पाइप बारीक, मग तो फिरतो. जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये गुंडाळायचा. पाइपची जाडी मोजून टाका, दोरा गुंडाळून दोऱ्याची लांबी सांगितली तरी चालेल. माझ्याकडं दोन-तीन मापाचे पडलेत, तुम्ही यायच्या आत बसणारा काढून ठेवतो.

कृष्णाकाठ:

दोरा ८ सेंटिमीटर भरला.

मोबाईल_मिस्त्री:

म्हणजे एक इंची पाइप. आहे माझ्याकडं. दुकानाला एक पायरी आहे, अर्ध्या बाटलीची, फळी टाकून ठेवतो. फळीचा चढ ५ अंश.